मेणबत्त्यांच्या खोक्यातली मतं

३० मार्च १८५५ ला कॅन्ससमध्ये पहिल्या कायदेमंडळाची निवडणूक होती. लॉरेन्स गावाला तेव्हा पुरतं वर्षही झालेलं नव्हतं. ओंडक्यांची खोपटं, गवताने शाकारलेल्या झोपड्या, काही तंबू, एवढाच त्याचा पसारा. थोड्याच दिवसांपूर्वी झालेल्या शिरगणतीत त्या मतदारसंघात ३६९ मतदार निघाले होते. मतदानाच्या आदल्या दिवसापासून शेजारच्या मिसुरी राज्यातून माणसांचे तांडे येऊ लागले आणि गावाबाहेरच्या घळीत राहुट्या ठोकून बसले. हजाराच्या आसपास माणसं असावीत. सोबत बंदुका, पिस्तुलं, लांब सुरे, व्हिस्कीची पिंपं आणि दोन तोफा. आपला माणूस ओळखता यावा म्हणून कोटाच्या काजात वाखाचा एक पांढुरका धागा अडकवलेला. त्यांचा एक म्होरक्या क्लेबोर्न जॅक्सन पुढे मिसुरीचा गव्हर्नर झाला. संध्याकाळी मोजदाद झाली तेव्हा मतं निघाली १,०३४.

बाकी गावांतही हेच झालं. साऱ्या कॅन्ससमध्ये मतदार होते २,९०५ आणि मतं पडली सहा हजारांवर. पुढच्या वर्षी अमेरिकन काँग्रेसच्या समितीने जागेवर जाऊन साक्षी घेतल्या, तेव्हा त्यातली ४,९०८ मतं बोगस ठरली. मिसुरीच्या मंडळींना यात काही गैर केलं असं वाटत नव्हतं. मतदार त्या प्रदेशाचा रहिवासी असावा, एवढीच अट ना? मग आज आम्ही इथे आहोत, म्हणजे आज रहिवासी आहोत, असा त्यांचा युक्तिवाद होता. मत देऊन ते आपापल्या घरी परतले आणि कॅन्ससला गुलामगिरीच्या बाजूचं कायदेमंडळ मिळालं.

हा खटाटोप कशासाठी, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १८२० मध्ये मिसुरीला गुलामगिरी मान्य असलेलं राज्य म्हणून संघात घेताना उत्तर आणि दक्षिण यांच्यात एक तडजोड झाली होती. लुइझियाना खरेदीतून आलेल्या मुलखात, मिसुरी सोडून, ३६ अंश ३० कला या अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नसावी, अशी ती रेघ होती. कॅन्सस त्या रेघेच्या वर येतो. चौतीस वर्षं ती रेघ टिकली. मग इलिनॉयचे सेनेटर स्टीफन डग्लस यांनी ती पुसली. शिकागोहून पश्चिमेकडे रेल्वे न्यायची तर मधल्या मुलखाला शासन हवं, आणि त्यासाठी दक्षिणेची मतं हवीत. डग्लसनी तोडगा काढला की, गुलामगिरी हवी की नको हे तिथे राहायला जाणाऱ्या लोकांनीच ठरवावं. ३० मे १८५४ ला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पियर्स यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही केली.

लोकांनी ठरवावं, यापेक्षा लोकशाहीला शोभेसं काय असणार? पण कोणत्या लोकांनी, आणि कधी? पहिले शंभर आले तेव्हा, की पहिले दहा हजार आले तेव्हा? कायद्यात याचा पत्ता नव्हता. ज्या माणसांच्या गुलाम राहण्या-न राहण्याचा हा प्रश्न होता, ती या लोकांत धरलेली नव्हती. आणि ज्यांची जमीन होती तीही नव्हती. शॉनी, डेलावेअर, पोटावाटोमी अशा कितीतरी आदिवासी जमातींना पूर्वेकडून उठवून, ही जमीन कायमची तुमची, असं सांगून सरकारनेच इथे आणून बसवलं होतं. कॉ आणि ओसेज तर मूळचेच इथले. डग्लस यांचा कायदा मंजूर झाला त्या घटकेला गोऱ्यांच्या वस्तीसाठी कॅन्ससमध्ये जवळजवळ एकरभरही जमीन कायद्याने मोकळी नव्हती. घाईघाईने करार करून ती मोकळी करण्यात आली. वस्तीवाले त्याचीही वाट न पाहता घुसले. पुढच्या सहा वर्षांत कॅन्ससमध्ये हक्क या शब्दावर जेवढी भाषणं झाली, त्यात या करारांचा उल्लेख शोधावाच लागतो.

मिसुरीच्या पश्चिम सीमेवर, नदीकाठच्या सुपीक पट्ट्यात, गुलामांच्या कष्टावर तंबाखू आणि दोरखंडाला लागणारं हेम्प पिकत असे. मिसुरीच्या उत्तरेला आयोवा आणि पूर्वेला इलिनॉय ही दोन्ही गुलामगिरी नसलेली राज्यं. पश्चिमेला कॅन्ससही तसाच झाला तर तिन्ही बाजूंनी पळून जायला वाटा मोकळ्या. गुलाम म्हणजे मालकाची सगळ्यात महाग मालमत्ता, आणि ती दोन पायांवर चालून जाऊ शकत होती. सेनेटर डेव्हिड ॲचिसन स्वतः वॉशिंग्टन सोडून सीमेवर येऊन माणसं जमवत होते ते यासाठी. दुसरीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये इलाय थेअर यांनी न्यू इंग्लंड एमिग्रंट एड कंपनी काढली. गुलामगिरीविरोधी कुटुंबांना प्रवासात सवलत द्यायची, पिठाच्या आणि लाकूड कापायच्या गिरण्या उभारायच्या, गावं वसवायची आणि जमिनीचे भाव चढले की भागधारकांना नफा वाटायचा, असा बेत. लॉरेन्स हे नाव या कंपनीचे खजिनदार आणि बडे देणगीदार ॲमॉस लॉरेन्स यांचं. नफ्याचं पुढे काही जमलं नाही. पण कंपनी म्हणजे हजारो भाडोत्री मतदारांची फौज, अशी अफवा मिसुरीत पसरली आणि तिथल्या लोकांनी त्या अफवेलाच उत्तर दिलं.

निवडून आलेल्या कायदेमंडळाला विरोधक उघड ‘बोगस’ म्हणत. शॉनी मुलांसाठी चालवलेल्या एका मिशन शाळेत त्याचं अधिवेशन भरलं. शाळा चालवणारे रेव्हरंड थॉमस जॉन्सन यांच्याकडे स्वतःचे गुलाम होते. कायदे नव्याने लिहिण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. मिसुरीच्या कायद्यांचं बाडच्या बाड उचललं आणि त्यावर कॅन्ससचं नाव घातलं. गुलामांविषयीचा कायदा मात्र मिसुरीपेक्षा कडक केला. गुलामांना बंडाला चिथावणी दिली तर फाशी. कॅन्ससमध्ये गुलाम बाळगण्याचा हक्कच नाही, असं नुसतं बोललं किंवा छापलं तरी किमान दोन वर्षं सक्तमजुरी. म्हणजे ज्या प्रश्नावर लोकांनी ठरवायचं होतं, त्यावर तोंड उघडणं हाच गुन्हा. गव्हर्नर अँड्र्यू रीडर यांनी काही मतदारसंघांचे निकाल रद्द करून फेरनिवडणूक घेतली होती. कायदेमंडळाने फेरनिवडणुकीत आलेल्यांना हाकलून दिलं आणि पियर्सनी रीडरना. त्यासाठी निमित्त पुढे केलं ते त्यांच्या जमिनीच्या व्यवहारांचं, आणि ते व्यवहार स्वच्छ होते असं रीडरच्या चाहत्यांनाही म्हणता आलं नसतं.

विरोधकांनी या सरकारला जुमानायचंच नाही असं ठरवून आपलं वेगळं सरकार मांडलं. १८५५ च्या शेवटी टोपेका इथे त्यांनी राज्यघटना लिहिली. कॅन्ससच्या चार घटनांतली ही पहिली. पुढारी दोन. एक डॉ. चार्ल्स रॉबिन्सन, पेशाने वैद्य, पूर्वी कॅलिफोर्नियात जमिनीच्या दंगलीत गोळी खाल्लेला. दुसरा जेम्स लेन. हा इंडियानाचा काँग्रेस सदस्य असताना त्याने कॅन्सस-नेब्रास्का कायद्याच्याच बाजूने मत दिलं होतं. वारं पाहून पाल फिरवणाऱ्या अशा माणसांचीही नवीन राज्याला गरज पडते.

टोपेका घटनेने गुलामगिरी नाकारली. १,७३१ विरुद्ध ४६ मतांनी ती मंजूर झाली. पण त्याच दिवशी मतदारांपुढे आणखी एक प्रश्न ठेवला होता: कृष्णवर्णीयांना, गुलाम असोत वा मुक्त, कॅन्ससमध्ये पाऊल ठेवू द्यायचं का? ‘ठेवू देऊ नये’ म्हणणारे १,२८७ निघाले, ‘येऊ द्यावं’ म्हणणारे ४५३. हे गुलामगिरीचे विरोधक! ओहायो, इंडियाना, इलिनॉय इथून आलेला शेतकरी या वस्तीत मोठ्या संख्येने होता. आपल्या शेजारच्या शेतात फुकटची मजुरी नको, त्या मजुरीपुढे आपल्या घामाला किंमत राहणार नाही, हे त्याला कळत होतं. आणि तो मजूर माणूस म्हणूनही शेजारी नको, हेही तो तेवढ्याच मोकळेपणाने सांगत होता.

मराठी वाचकाच्या मनात अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी चळवळीचं जे चित्र आहे, ते बरंचसं जोतीराव फुल्यांमुळे. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं. तसे निरपेक्ष लोक अमेरिकेत होते, कॅन्ससमध्येही होते. त्या ४५३ मतांत ते सापडतात. पण कॅन्ससची लढाई केवळ त्यांच्या जोरावर जिंकली गेली असती असं मानणं म्हणजे स्वतःची फसवणूक. बाकीच्यांना लढायला लावलं ते स्वतःचं मत चोरीला गेल्याच्या संतापाने. गुलामाच्या बेड्यांनी ज्यांची झोपमोड होत नव्हती, ते गोरे शेतकरी आपल्या मतपेटीवर हात पडताच बंदूक घेऊन उठले. पूर्वेकडून शार्प्स रायफली येऊ लागल्या. त्यांच्या पेट्यांवर पुस्तकं असल्याचं लिहिलेलं असे. ब्रुकलिनचे प्रसिद्ध धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर यांनी या शस्त्रांची उघड तरफदारी केली, म्हणून लोक त्या रायफलींना ‘बीचरची बायबलं’ म्हणू लागले.

१८५६ च्या मे महिन्यात पाच-सहा दिवसांत जे घडलं त्याने सारा देश हादरला. १९ आणि २० तारखेला मॅसॅच्युसेट्सचे सेनेटर चार्ल्स समनर यांनी कॅन्ससवरच्या अन्यायावर दोन दिवस भाषण केलं आणि त्यात दक्षिण कॅरोलिनाचे वयस्क सेनेटर अँड्र्यू बटलर यांची यथेच्छ खिल्ली उडवली. २१ तारखेला शेरीफ सॅम्युअल जोन्सच्या टोळीने लॉरेन्स लुटलं. फ्री स्टेट हॉटेलवर तोफा डागल्या, मग ते पेटवून दिलं; दोन वर्तमानपत्रांचे छापखाने मोडले आणि खिळे नदीत फेकले. त्यात जीव गेला तो हल्लेखोरांपैकीच एकाचा. हॉटेलची पडती भिंत त्याच्या अंगावर आली. २२ तारखेला बटलर यांचे नातलग, काँग्रेस सदस्य प्रेस्टन ब्रुक्स, सेनेटच्या दालनात शिरले आणि बाकावर बसून लिहिणाऱ्या समनरना काठी मोडेपर्यंत डोक्यात मारलं. समनर तीन वर्षं धडपणे सेनेटमध्ये परतू शकले नाहीत.

आणि २४ तारखेची रात्र जॉन ब्राउनची.

ब्राउन तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. धंद्यात पुन्हापुन्हा बुडालेला, बायबल तोंडपाठ असलेला, कृष्णवर्णीयांना खरोखर आपल्या बरोबरीचं मानणारा. अशी माणसं कॅन्ससमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. लॉरेन्सच्या मदतीला निघालेला असताना वाटेतच त्याला कळलं की गाव प्रतिकार न करता पडलं. पोटावाटोमी ओढ्याच्या काठी गुलामगिरीच्या बाजूची काही कुटुंबं राहत. ब्राउन, त्याचे चार मुलगे, जावई आणि आणखी दोघे रात्री अकराच्या सुमाराला जेम्स डॉइलच्या खोपटाशी गेले. दार वाजवून रस्ता विचारला. दार उघडताच आत शिरून डॉइल आणि त्याच्या मोठ्या दोन मुलांना बाहेर काढलं. डॉइलची बायको महाला हिने रडून-भाकून सोळा वर्षांच्या धाकट्याला तेवढं मागून घेतलं. त्याला त्यांनी सोडलं. बाकी तिघांना थोड्या अंतरावर नेऊन तलवारींनी तोडलं. नंतर ॲलन विल्किन्सनच्या घरी. त्याची बायको गोवराने आजारी होती, तिने विनवलं, तरी त्याला नेलं. पाचवा विल्यम शर्मन. या पाचांपैकी एकाकडेही गुलाम नव्हता. ब्राउनचे चाहते पुढे कित्येक वर्षं त्याचा या प्रकरणात हात होता हेच नाकारत राहिले. तो हात होता, आणि ते खून होते. गुलामगिरीविरुद्धच्या त्याच्या तळमळीने त्यांचं नाव बदलत नाही.

त्या उन्हाळ्यात कॅन्सस पेटला. ब्लॅक जॅक, ऑसावाटोमी अशा चकमकी झडल्या, ऑसावाटोमीला ब्राउनचा मुलगा फ्रेडरिक मारला गेला. ४ जुलैला, ऐन स्वातंत्र्यदिनी, टोपेकाच्या विधिमंडळाची बैठक भरणार तर संघराज्याच्या घोडदळाने येऊन ती उधळली. डॉ. रॉबिन्सन राजद्रोहाच्या आरोपाखाली चार महिने कैदेत होते. शेवटी जॉन गिअरी या नव्या गव्हर्नरने सैन्य वापरून दोन्ही बाजूंना आवरलं.

बंदुका थंडावल्यावर लढाई पुन्हा कागदावर आली. ६ मार्च १८५७ ला ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, आणि कोणत्याही प्रदेशात गुलामगिरीला बंदी करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. दक्षिणेचा हुरूप वाढला. लिकॉम्प्टन इथे गुलामगिरीच्या बाजूच्यांनी दुसरी राज्यघटना लिहिली. गुलामावरची मालकी ही कोणत्याही घटनेच्या वरची आणि आधीची आहे, असं त्यात कलमच होतं. मतदारांपुढे ठेवताना चलाखी केली. घटना हवी की नको असा प्रश्नच नाही. ‘गुलामगिरीसह घटना’ की ‘गुलामगिरीशिवाय घटना’, एवढाच पर्याय. आणि ‘शिवाय’ला मत दिलं तरी आधीपासून असलेले गुलाम गुलामच राहणार. विरोधक फिरकले नाहीत. ६,२२६ मतं ‘सह’ला पडली, ५६९ ‘शिवाय’ला. त्यातली २,७२० मतं खोटी होती असं चौकशीत निघालं.

खोट्या मतांची कला एव्हाना भलतीच पुढे गेली होती. ऑक्टोबर १८५७ च्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत मिसुरीच्या सीमेवरच्या ऑक्सफर्ड नावाच्या वस्तीतून १,६२८ मतं आली. घरं अवघी पाच-सहा. यादी म्हणजे कागद जोडत जोडत केलेली भली लांब गुंडाळी होती. तिच्यातली नावं ताडून पाहता ती ओहायोतल्या सिनसिनाटी शहराच्या रहिवाशांच्या छापील सूचीतून ओळीने उतरवलेली आढळली. गव्हर्नर रॉबर्ट वॉकर हे दक्षिणेतल्या मिसिसिपीचे माजी सेनेटर. पण हे त्यांनाही गिळवेना. त्यांनी ती मतं रद्द केली आणि कायदेमंडळ प्रथमच विरोधकांच्या हाती आलं. या विरोधकांनी लिकॉम्प्टन घटनेवर ४ जानेवारी १८५८ ला स्वतःचं मतदान घेतलं. विरोधात १०,२२६, बाजूने दोनशेही नाहीत.

त्याच दिवशी लिकॉम्प्टन घटनेखालच्या पदांसाठीही मतदान झालं होतं. त्याचे कागद घटना समितीचे अध्यक्ष जॉन कॅल्हून यांच्या ताब्यात होते. कॅल्हून हे सरकारी भूमापन खात्याचे प्रमुख. चौकशी समितीने कागद मागितले, तेव्हा त्यांचा मुख्य कारकून मॅक्लीन याने शपथेवर सांगितलं की कागद साहेबांबरोबर मिसुरीत गेले. मग कचेरीतल्याच एका माणसाने फोडलं. शेरीफ सॅम्युअल वॉकर लॉरेन्सहून वॉरंट घेऊन आला, कचेरीजवळचा लाकूडफाट्याचा ढीग उपसला आणि खाली पुरलेलं मेणबत्त्यांचं एक लांबट खोकं बाहेर काढलं. त्यात ते कागद होते. डेलावेअर क्रॉसिंग या केंद्राच्या यादीत खऱ्या मतदारांच्या खाली तीनशेहून अधिक नावं मागाहून घुसडलेली होती. मॅक्लीन मिसुरीला पळाला आणि कॅल्हून यांना उरलेल्या आयुष्यात ‘कँडलबॉक्स कॅल्हून’ हे नाव चिकटलं.

एवढं उघडं पडूनही राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांनी लिकॉम्प्टन घटना मान्य करा असाच आग्रह काँग्रेसकडे धरला. आता डग्लस त्यांच्याविरुद्ध उभे राहिले, आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध. गुलामगिरी बरी की वाईट याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, पण हे लोकांनी ठरवलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्या तत्त्वाशी हा माणूस एकदा तरी प्रामाणिक राहिला, आणि त्यात डेमोक्रॅटिक पक्ष फुटायला लागला. फेब्रुवारीत प्रतिनिधिगृहात रात्री दोनच्या सुमाराला पेनसिल्व्हेनियाचे गॅलुशा ग्रो आणि दक्षिण कॅरोलिनाचे लॉरेन्स कीट यांची हातघाई झाली आणि बघता बघता चाळीस-पन्नास सभासद एकमेकांवर तुटून पडले. झटापटीत मिसिसिपीच्या विल्यम बार्क्सडेल यांचा टोप कोणाच्या तरी हाती आला. त्यांनी तो हिसकावून डोक्यावर ठेवला, पण उलटा. सभागृहात हशा पिकला आणि मारामारी थांबली. देशाच्या यादवीची ही रंगीत तालीम होती, आणि ती एका टोपामुळे आटोपली. शेवटी लिकॉम्प्टन घटना जमिनीच्या आमिषासह पुन्हा कॅन्ससच्या मतदारांकडे पाठवली गेली. २ ऑगस्ट १८५८ ला त्यांनी ती सहापटीहून जास्त मतांनी झिडकारली.

तिसरी घटना लेव्हनवर्थची, १८५८ चीच. मताधिकाराच्या अटीत तिने ‘गोरा’ हा शब्द घातला नाही. चौघींत हीच सगळ्यात धीट, आणि हिचंच सगळ्यात कमी झालं. काँग्रेसमध्ये ती पुढे सरकली नाही.

या साऱ्या गदारोळात गुलाम माणसं कुठे होती? १८५५ च्या शिरगणतीत कॅन्ससमध्ये त्यांची संख्या दोनशेच्या आत-बाहेर होती. १८६० च्या जनगणनेत दोन. मधल्या काळात मालक बिचकले आणि गुलाम सटकले. कॅन्ससमध्ये राहणं धोक्याचं झालं म्हणून मालकांनी त्यांना परत मिसुरीत नेलं, आणि मिसुरीतले गुलाम उलट कॅन्ससकडे पळत राहिले. डिसेंबर १८५८ मध्ये मिसुरीतल्या एका गुलामाने सीमा ओलांडून ब्राउनच्या माणसांना गाठलं; आपलं कुटुंब विकलं जाणार आहे, वाचवा, म्हणाला. ब्राउनने मिसुरीत घुसून अकरा जणांना सोडवलं. एका मालकाचा त्यात खून झाला. ऐन हिवाळ्यात, अकराशे मैलांचा प्रवास करून, मार्चमध्ये त्याने त्यांना डेट्रॉइटहून कॅनडात पोचवलं. वाटेत त्यांतल्या एका बाईला मुलगा झाला, तिने त्याचं नाव जॉन ब्राउन ठेवलं. त्याच १८५९ च्या २ डिसेंबरला मोठा जॉन ब्राउन व्हर्जिनियात फासावर गेला.

चौथी घटना टिकली. जुलै १८५९ मध्ये वायनडॉट इथे बावन्न सभासद जमले. लेन नाही, रॉबिन्सन नाही. नवखे, बरेचसे तरुण वकील आणि शेतकरी. पस्तीस रिपब्लिकन, सतरा डेमोक्रॅट. त्यांनी ओहायोच्या घटनेचा साचा घेतला आणि तीन आठवड्यांत काम उरकलं.

त्या सभागृहात एक बाई रोज येऊन बसत आणि विणकाम करत. क्लॅरिना निकल्स त्यांचं नाव. मूळच्या व्हरमाँटच्या, तिथे वर्तमानपत्र चालवलेल्या, आता जवळच्या क्विंडारोत राहणाऱ्या. सभासद होण्याचा प्रश्नच नव्हता, बाईमाणूस. पण त्यांनी आधीच गावोगाव फिरून अर्जांवर सह्या गोळा केल्या होत्या, आणि सभागृहात धर्मोपदेशकाच्या शेजारची खुर्ची मिळवली होती. हातात सुया, कान भाषणाकडे. विश्रांतीच्या वेळी एकेका सभासदाला गाठून बोलत. त्यांना मताचा हक्क हवा होता, तो मिळाला नाही. जे मिळालं ते त्या काळच्या मानाने थोडं नव्हतं. लग्न झालेल्या बाईच्या मालमत्तेला घटनेचं संरक्षण, मुलांच्या ताब्यात आईचा बापाइतकाच हक्क, आणि शाळांच्या कारभारात स्त्री-पुरुष भेद नाही, म्हणजे शाळा समितीच्या निवडणुकीपुरतं मत. शेतातली एकशे साठ एकर किंवा गावातली एक एकर राहती जागा कर्जापायी जप्त होऊ नये आणि बायकोच्या संमतीशिवाय विकता येऊ नये, हेही कलम त्याच घटनेत आहे. चार घटनांच्या पाच वर्षांच्या धुमाळीत, माझ्या मते, सर्वांत कसलेलं राजकारण या विणणाऱ्या बाईंनी केलं. एकही मत हाती नसताना.

कृष्णवर्णीयांना राज्यात बंदी घालावी, त्यांच्या मुलांना सरकारी शाळांतून वगळावं, असे प्रस्ताव याही सभागृहात आले. दोन्ही पडले. १८५५ च्या मानाने कॅन्सस तेवढा पुढे सरकला होता. मताधिकार मात्र ‘गोऱ्या पुरुषां’नाच. डेमोक्रॅट सभासदांनी घटनेवर सह्या करायचं नाकारलं. ऑक्टोबरात मतदारांनी ती १०,४२१ विरुद्ध ५,५३० मतांनी स्वीकारली.

तरी सेनेटमध्ये ती दक्षिणेच्या मतांपुढे अडून बसली. ती कोंडी फुटली ती दक्षिणेच्याच हाताने. लिंकन निवडून आल्यावर एकेक दक्षिणी राज्य संघातून बाहेर पडू लागलं. २१ जानेवारी १८६१ ला दक्षिणेचे सेनेटर जेफर्सन डेव्हिस आणि त्यांचे सहकारी सेनेटचा निरोप घेऊन गेले, आणि त्याच दिवशी उरलेल्या सेनेटने कॅन्ससचं विधेयक ३६ विरुद्ध १६ मतांनी मंजूर केलं. २९ जानेवारीला कॅन्सस चौतिसावं राज्य झालं. लिकॉम्प्टनसाठी जीव टाकणाऱ्या बुकॅनन यांनाच त्यावर सही करावी लागली.

पुढच्या यादवीत कॅन्ससने दोन्ही टोकं पाहिली. ऑक्टोबर १८६२ मध्ये मिसुरीतल्या आयलंड माउंडला पहिल्या कॅन्सस कलर्ड रेजिमेंटने लढाई केली. बहुतेक सैनिक मिसुरी आणि आर्कान्सातून पळून आलेले गुलाम होते, आणि उत्तरेच्या बाजूने रणात उतरलेली ही पहिली कृष्णवर्णीय पलटण. तिची भरती वरून परवानगी नसतानाही रेटून केली ती जेम्स लेनने. वारं आता इकडून वाहत होतं. पुढच्या ऑगस्टात दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या क्वांट्रिलच्या टोळीने लॉरेन्सवर पहाटे धाड घालून दीडशेवर पुरुष आणि पोरं मारली.

युद्ध संपलं, देशभरातून गुलामगिरी गेली. १८६७ मध्ये कॅन्ससच्या मतदारांपुढे दोन प्रश्न एकाच दिवशी आले: घटनेतल्या मताधिकारातून ‘गोरा’ शब्द काढायचा का, आणि ‘पुरुष’ शब्द काढायचा का. प्रचाराला ल्यूसी स्टोन, सुझन अँथनी, एलिझाबेथ कॅडी स्टँटन पूर्वेकडून आल्या. उन्हात, धुळीत, घोडागाडीतून राज्य पालथं घातलं. दोन्ही चळवळींच्या पाठीराख्यांत आधी कोणाचा नंबर यावरून भांडणं लागली. निकाल: ‘गोरा’ काढण्याच्या बाजूने १०,४८३, विरोधात १९,४२१, ‘पुरुष’ काढण्याच्या बाजूने ९,०७०, विरोधात १९,८५७. कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळालं ते १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे वॉशिंग्टनहून. कॅन्ससच्या बायकांना पूर्ण मताधिकार १९१२ मध्ये मिळाला. क्लॅरिना निकल्स यांना जाऊन तोवर सत्तावीस वर्षं झाली होती.

शाळांचं प्रकरण वायनडॉटच्या मंडळींनी पुढच्या कायदेमंडळांवर सोडलं होतं. १८७९ मध्ये त्या कायदेमंडळाने मोठ्या शहरांना प्राथमिक शाळांत गोरी आणि काळी मुलं वेगळी बसवायची मुभा दिली. त्या कायद्याविरुद्ध टोपेका शहरातल्या ऑलिव्हर ब्राउन आणि इतर पालकांनी १९५१ मध्ये दावा लावला. तो ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन ऑफ टोपेका’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १७ मे १९५४ ला, नऊच्या नऊ न्यायमूर्तींच्या एकमताने, पालक जिंकले.